रसेलला मिळतं तेवढंच

केलेपी तौकोलोबरोबर मी एकोणतीस वर्षं काँक्रीट टाकलं. गोदामं, शाळांची आवारं, ब्लॅकटाउनच्या पलीकडे माळावर उभ्या राहिलेल्या वसाहती. आम्ही दोघे टोंगाहून एकाच वर्षी सिडनीत आलो, एकाच ठेकेदाराकडे लागलो. मी फळ्या बांधायचो आणि सळ्या अंथरायचो. तो शेवटचा हात मारायचा.

शेवटचा हात म्हणजे काय, हे काम केलेल्यालाच कळतं. काँक्रीट टाकून पाट्यानं ओढून झालं, की वर आलेलं पाणी जायची वाट पाहायची. मग गुडघ्यांखाली फळी घ्यायची आणि थापी फिरवत मागे मागे सरकायचं. घाई केली तर पुढे भेगा पडतात. उशीर केला तर थापी चालत नाही. केलेपीची वेळ चुकलेली मी दोनदाच पाहिली. त्यातल्या एका दिवशी त्याची बायको सेइनी दवाखान्यात बाळंत होत होती. ते बाळ म्हणजे लिसिआते.

त्याच्यात खोडीही होत्या. जेवायला तो फार वेळ घ्यायचा. दुसऱ्याचं काम खराब दिसलं की मुकादमाला न विचारता उकरायचा, आणि मग आम्हा सगळ्यांना थांबावं लागायचं. मी त्याला शिव्या घालायचो. तो म्हणायचा, "ओरड तू, सेमिसी. उद्या वाळल्यावर कोण ओरडणार?"

चौपन्नाव्या वर्षी त्याचे गुडघे संपले. ठेकेदारानं हात मिळवला आणि एक टोपी दिली. आमच्या धंद्यात बसून करायचं काम नसतं.

तोवर लिसिआते हेरन्सकडून खेळायला लागला होता. हेरन्स हा आमच्या भागाचा रग्बी लीग क्लब. आमच्या चर्चमधल्या निम्म्या माणसांच्या अंगात रविवार सोडून बाकीचे सहा दिवस त्यांचाच निळा सदरा असतो. लिसिआते पुढच्या रांगेत खेळायचा, धडका मारायच्या जागेवर. तेवीस वर्षांचा, एकशे चौदा किलो. बायको आणि लहान मुलगी लोसा यांच्यासकट तो केलेपीच्याच घरी राहायचा. सून वृद्धाश्रमात दुपारपाळीचं काम करायची, म्हणून लोसा रात्रीपर्यंत सेइनीच्या कडेवर असायची.

लिसिआतेचा करार संपत आला तेव्हा उत्तरेकडच्या एका क्लबनं त्याला जास्त पैसे देऊ केले. त्याच आठवड्यात हेरन्सचा व्यवस्थापक कॉलिन वेदरॉल केक घेऊन केलेपीच्या घरी आला. सेइनीनं त्याला अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण वाढलं. त्यानं दोनदा घेतलं. निघताना म्हणाला, "लिसी राहिला तर तुलाही मैदानावर काम आहे, केल. माणूस हवाच आहे आम्हाला."

केलेपीनं यातलं शेवटचं वाक्य ऐकलं. माणूस हवा आहे. दोन वर्षं घरात बसलेल्या माणसाला तेवढंच ऐकू येतं. मुलानं सही केली, दुसऱ्या दिवशी बापानं केली.

मैदानाचा प्रमुख रसेल डन. एकसष्ट वर्षांचा, बारीक, सतत शिंकणारा. पहिल्या सकाळी त्यानं केलेपीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे काय, ऑफिसनं शोभेचं झाड पाठवलं? कुठे ठेवू? दाराशी?"

केलेपी म्हणाला, "फावडं कुठे आहे ते सांग."

तीन महिन्यांनी रसेल मला कुंपणाशी भेटला. "तुझा हा मित्र पाच वाजता येतो," तो म्हणाला. "वीस वर्षं मी सहाला येतोय. आता मलाही पाचला यावं लागतं. कुठून आणलंत याला?"

मी जाऊन पाहिलं होतं, म्हणून सांगतो. चुन्याच्या रेषा तो दोरी ताणून मारायचा, आणि दोरी काढल्यावर पुन्हा वाकून बघायचा. कपडे बदलायच्या खोलीपासून मैदानात येणाऱ्या पायऱ्या फुटल्या होत्या. त्या त्यानं फोडून नव्या टाकल्या. एका पायरीची धार त्याला पसंत पडली नाही, तर ती परत फोडली. माझ्यासमोर फोडली. त्या पायरीवरून खेळाडू खिळ्यांच्या बुटांनी जाणार होते आणि तिची धार कोणी बघणार नव्हतं.

पगार चांगला होता. किती चांगला, ते आम्हाला कळत नव्हतं. रसेलला काय मिळतं हे केलेपीनं कधी विचारलं नाही. आमच्या कामावर कुणी कुणाचा पगार विचारत नसे. क्लब मोठा आहे, देत असतील, असं तो समजला. मीही तसंच समजलो.

पुढच्या वर्षी आमच्या चर्चचा वार्षिक अर्पणाचा रविवार आला. एकेक कुटुंब पुढे येतं, काय दिलं ते मोठ्यानं वाचलं जातं, आणि ज्याच्यामुळे देता आलं त्याचं नाव देणाऱ्यानं उभं राहून घ्यायचं असतं. घेतलेलं लपवणं आमच्यात चोरीच्या शेजारचं. त्या वर्षी नावं वाचायला मी होतो. तौकोलो कुटुंबाचं नाव मीच पुकारलं.

केलेपी उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून तो आधीच घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "माझ्या मुलाला हेरन्सनी ठेवून घेतलं. त्याच्याबरोबर मलाही घेतलं. मुलाच्या सहीबरोबर बापाला काम दिलं. हे पैसे त्या कामाचे आहेत. कॉलिन वेदरॉलचं नाव मी देवासमोर घेतो."

टाळ्या झाल्या. दोन आत्या उठून नाचल्या. कुणीतरी फोनवर ते टिपलं आणि पाठवून दिलं. टोंगापासून अमेरिकेपर्यंत आमच्या लोकांनी ते पाहिलं. लोकांनी लिहिलं, असा बाप हवा.

सहा आठवड्यांनी स्पर्धा चालवणाऱ्या लीगच्या ऑफिसातून क्लबला चौकशीचं पत्र आलं.

नियम असा आहे. एका क्लबनं आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला ठराविक रकमेपेक्षा जास्त द्यायचं नाही. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू गोळा करू नयेत म्हणून ही मर्यादा. मग क्लब पळवाटा शोधतात. खेळाडूच्या भावाला गाडी दे, आईचं घरभाडं भर, बापाला नोकरी दे. म्हणून नियमात लिहिलंय, की खेळाडूसाठी घरच्यांना दिलेला पैसा खेळाडूचाच धरायचा. काम खरं असेल आणि पगार कामाएवढा असेल तरच तो वेगळा. मर्यादा मोडली तर दंड होतो आणि जिंकलेले गुण कापतात.

पत्र आलं त्या दुपारी कॉलिन परत आला. केक नव्हता. मी तिथंच होतो, सेइनीचा नळ गळत होता तो बघायला गेलो होतो. त्यानं टेबलावर एक कागद ठेवला.

"एक सही, केल. जुनी तारीख आहे, तिकडे लक्ष देऊ नको."

केलेपीनं चष्मा लावला. तो सावकाश वाचतो.

"सांस्कृतिक सल्लागार," तो म्हणाला. "हे कोण?"

"तू. मैदानाचं काम आहेच, आणि शिवाय हे. आपल्याकडे बेटांवरची अकरा पोरं खेळतात. तू त्यांच्याशी बोलतोस, त्यांना सल्ला देतोस."

"मी त्यांना म्हणतो, चिखलाचे बूट बाहेर काढा."

सेइनी ओट्याशी हसली. कॉलिन हसला नाही.

"हे बघ, लीगची तपासणी करणारी बाई येणार आणि विचारणार, रसेल डनच्या दुप्पट पगार याला का? मी काय सांगू? काहीतरी कागद हवा ना!"

"कुणाच्या दुप्पट?" केलेपी म्हणाला.

कॉलिननं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, हे आम्हाला ठाऊक आहे.

केलेपीनं चष्मा काढला. त्याचा चेहरा मी बऱ्याच वेळा पाहिलाय, उन्हात, पावसात, आईच्या प्रेताशी. तसा कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "रसेल रोज मला चहा देतो. स्वतःच्या डब्यातून."

"सही नाही केलीस तर," कॉलिन म्हणाला, "सगळा पगार लिसीच्या नावावर जाईल. आम्ही मर्यादेच्या वर जाऊ. गुण जातील. मग खाली यायला कुणाला तरी काढावं लागेल. ते कोण असेल, मी सांगायला नको. आणि आत्ता नोकरी सोडण्याचा विचार असेल तर तोही करू नको. तू गेलास की ते म्हणतील, बघा, काम नव्हतंच."

कागद ठेवून तो गेला. चार दिवसांनी ती बाई येणार होती.

ते चार दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये आम्ही कावा, झाडाच्या मुळांच्या भुकटीचं आमचं पेय, ढवळत बसलो. मी त्याला म्हणालो, "सही कर." मी असं म्हणालो हे लपवत नाही. "तू काम केलंयस. त्यांनी जास्त दिले ते त्यांनी दिले. तू मागितले नव्हतेस."

"कागदावर लिहिलेलं काम मी केलेलं नाही."

"मग काय करणार? खरं बोललास तर पोरगं जातं. खोटं बोललास तर पोरगं राहतं. एवढंच आहे."

"एवढंच नाहीये, तोको." तोको म्हणजे आमच्यात भाऊ. तो मला क्वचितच तसं म्हणायचा. "सही केली तर रेषा मारणं, पायऱ्या टाकणं हे सगळं बहाणा होतं असं होईल. माझा खरा धंदा सल्ला देणं! आणि सही नाही केली तरी ते म्हणणार बहाणा होतं. मी त्या मैदानावर काय केलं, हे कुणी धरणारच नाही."

लिसिआते दारात उभा होता. एवढा मोठा माणूस, दाराला टेकायलाही घाबरत होता.

"बाबा, तुम्हाला पटेल ते बोला. मी कुठेही खेळेन."

"आणि तुझी मुलगी?" सेइनी आतून ओरडली. "तुझी बायको दुपारी जाते ती रात्री येते. उत्तरेत त्या पोरीला बघायला मीच जाणार ना? मग इथं या म्हाताऱ्याला कोण बघणार? सांग की, पटेल ते बोला!"

केलेपीनं पुन्हा कावा ढवळायला घेतला.

मंगळवारी क्लबच्या वरच्या खोलीत बसलो. केलेपीनं मला सोबत नेलं. इंग्रजी त्याला येतं, पण रागावलं की सुटतं. लीगच्या बाई, मिस हॅरो, चाळिशीच्या होत्या. आवाज हळू. कॉलिन आणि क्लबचा वकील समोर. बाईंनी आधी तो व्हिडिओ लावला. केलेपीनं स्वतःला घामाघूम होऊन बोलताना पाहिलं. त्याला मान खाली घालावी लागली. त्या दिवशी नाव मी पुकारलं होतं, म्हणून मीही घातली.

"मिस्टर तौकोलो, हे तुम्ही म्हणालात?"

"हो."

"मुलाच्या सहीबरोबर काम मिळालं?"

"आम्ही चर्चमध्ये खोटं बोलत नाही, बाई."

वकिलानं घसा साफ केला. "ते धार्मिक भाषण होतं. उत्साहात माणूस..."

"उत्साहात नव्हतो," केलेपी म्हणाला. "घाबरलो होतो."

बाईंनी वहीचं पान उलटलं. "तुम्ही काय काम करता, ते सांगाल?"

मग त्यानं सांगितलं. इतका सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. पाचला कुलूप काढतो. आधी दव बघतो, दव असेल तर चुना धरत नाही. सामन्यानंतर उखडलेली ढेपं हातानं परत बसवतो, एकेक, कारण यंत्रानं मुळं दबतात, असं रसेल म्हणतो. पायऱ्या किती, त्यांची उंची किती, त्यात खडी कुठली. कोणती पायरी दोनदा टाकली. बाई लिहीत गेल्या. एकदा त्यांनी विचारलं, "दोनदा का?" तो म्हणाला, "धार वाकडी होती."

"बरं. या कामाचा पगार किती असावा, तुमच्या मते?"

कॉलिन पुढे झुकला. कागद त्याच्या हाताखाली होता, बिनसहीचा. अजूनही वेळ होती.

केलेपीनं आपल्या हातांकडे पाहिलं. "रसेलला मिळतं तेवढंच," तो म्हणाला. "थोडं कमीच. त्याला गवतातलं कळतं. मला कळत नाही."

"आणि वरचे?"

"वरचे माझ्या कामाचे नाहीत. कशाचे आहेत ते यांना विचारा. मी सल्लागार नाही."

कॉलिननं डोळे मिटले. मला त्याचीही दया आली, खोटं कशाला बोलू. त्यालाही कुणीतरी वरून सांगितलं असेल, हा पोरगा हातचा जाऊ देऊ नको.

निकाल महिन्याभरानं आला. बाईंनी लिहिलं होतं, काम खरं आहे, पायऱ्या मी स्वतः पाहिल्या. पगाराचा अर्धा भाग कामाचा, उरलेला मुलाचा. तो मुलाच्या नावावर धरला तेव्हा हेरन्स मर्यादेच्या वर गेले. सहा गुण कापले, दंड झाला. त्या सहा गुणांनी हेरन्स बाद फेरीच्या बाहेर पडले. कॉलिनला वर्षभर घरी बसवलं. मर्यादेच्या खाली यायला क्लबनं एक खेळाडू सोडला. उत्तरेकडच्या त्याच क्लबनं लिसिआतेला घेतलं, या वेळी कमी पैशांत.

ज्या चर्चमध्ये टाळ्या झाल्या होत्या तिथं लोक हात मिळवताना हात पटकन सोडायला लागले. मैदानावर कुणीतरी पहिल्यांदा ओरडलं, "डबल!" मग तेच नाव पडलं. केलेपी रेषा बघायला मैदानात आला की वरच्या बाकांवरून यायचं, "डबल, दोन रेषा मार रे! दोन्हींचे पैसे मिळतील!" त्यांनाही काय बोलायचं. सहा महिने तिकिटं काढून ती माणसं पावसात बसली होती.

आता लोक विचारतात, मग सोडत का नाही? मीही विचारलं.

त्यानं मला क्लबच्या वकिलाचं पत्र दाखवलं. त्याच्या नोकरीचा करार पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. काम खरं आहे, या एका वाक्यावर अर्धा पगार लिसिआतेच्या नावाबाहेर राहिला होता. मुदतीआधी केलेपी गेला, किंवा कामावर येईनासा झाला, तर लीग ते वाक्य परत तपासायला घेऊ शकते. मग सगळा पगार मुलाचा. मग मुलालाही ठाऊक होतं का, ही चौकशी. त्यात खेळाडूला वर्षभर बाहेर ठेवतात.

"म्हणजे अडकलास," मी म्हणालो.

"कामावर आहे," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये सेइनी, सून आणि लोसा गाडीत सामान भरून उत्तरेला गेल्या. लिसिआते आधीच गेला होता. शनिवार होता आणि दुपारी सामना होता, म्हणून केलेपी त्यांना सोडायला थांबू शकला नाही. पाचला कुलूप काढायचं होतं. गाडीत शेवटची गादी मी बांधली. सेइनी काच खाली करून म्हणाली, "त्याला सांग, फ्रीजमध्ये आहे ते खा. आणि सांग, मी रागावलेली नाही." थोडं पुढे जाऊन गाडी थांबली. तिनं डोकं बाहेर काढलं. "रागावलेय, असं सांग."

मी दोन्ही सांगितलं.

रसेलनं त्याच्याशी पंधरा दिवस बोलणं टाकलं होतं. पगाराचं त्याला वर्तमानपत्रात वाचावं लागलं. मग एका सकाळी त्यानं चहाचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "थोडं कमी म्हणालास ते बरोबर होतं. तुला गवतातलं काहीच कळत नाही." निकालानंतर क्लबनं केलेपीचा पगार अर्ध्यावर आणला, आता दोघांना सारखाच आहे. मी हे सांगतो ते केलेपीला पटणार नाही. तो म्हणेल, रसेलला जास्त हवा.

जूनमध्ये त्याचा उजवा गुडघा टरबुजासारखा सुजला. मीच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सुई घालून पाणी काढलं आणि म्हणाला, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. तशी चिठ्ठी लिहून दिली. आजारपणाची रजा, पूर्ण पगारी, कायदेशीर. सहा आठवडे म्हणजे उत्तरेत जाऊन लोसाला मांडीवर घेता आलं असतं.

गाडीत त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"सेइनीला फोन लाव," मी म्हणालो. "आज रात्रीचं विमान बघू."

"सहा आठवडे दिसलो नाही तर कुणीतरी लीगला लिहील. डबल गेला, तिकडे समुद्रावर बसलाय."

"चिठ्ठी आहे ना!"

"कागद त्यांच्याकडेही होता."

"अरे, हा खरा आहे!"

"तो मला माहीत आहे. तुला माहीत आहे."

मैदानाशी आल्यावर त्यानं मला गाडी थांबवायला सांगितली. चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या वरच्या खिशात खोचली. "तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिली तर वापरावीशी वाटेल."

मग दाराला धरून तो उतरला, डावा पाय आधी. रसेल फाटकात उभा होता. त्यानं केलेपीच्या पायाकडे पाहिलं, हातातली बादली खाली ठेवून फाटक उघडं धरलं. कराराचे सोळा महिने राहिले होते.